क्रेप पेपरच्या गुलाबाच्या पाकळ्यांना खोलगट आकार का येत नाही?

बहुतेक वेळा कागद आडवा कापलेला असतो. क्रेपच्या सुरकुत्या पाकळीत खालून वर, उभ्याच यायला हव्यात. कागद ताणला जातो तो त्यांच्या आडव्या दिशेने. साधारण ५ सेंमी रुंद, ६ सेंमी उंच पाकळी कापा, दोन्ही अंगठे मध्यभागी टेकवून हलकेच बाहेर ताणा. कडा ताणली की वाटीऐवजी झालर होते. वरची कड पेन्सिलीवर मागे वळवा. एका फुलाला १२-१५ पाकळ्या पुरतात. फेव्हिकॉल बुडाशी टिपक्याएवढाच. जास्त झाला की सुरकुत्या सपाट होतात, शिवाय लाल रंग बोटांना लागतो. खरं तर तारेवर दोऱ्याने करकचून बांधणंच बरं. मखरासाठी नेहमीचा पातळ क्रेप आणला असेल तर पाकळी दुहेरी घ्या, एकेरी पावसाळी हवेत मान टाकते.