रे: बिस्किटांवरचे १९०० किलोजूल म्हणजे नक्की किती कॅलरी?

ताई, तुमचं गणित चुकलेलं नाही. मेलबर्नला घेतलेल्या बिस्किटांवर १०० ग्रॅमला १९०० केजे (किलोजूल) लिहिलंय, शाळेत १ कॅलरी म्हणजे ४.१८ जूल शिकलेलं, तसा भागाकार केला तर साडेचार लाख कॅलरी येतात आणि डाएटिशियनने तर दिवसाला १६०० च सांगितल्यात, हे कसं काय, असं तुम्ही विचारलंय. साडेचार लाख बरोबरच आहेत. फक्त त्या शाळेतल्या कॅलरी, १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागते ती. डाएटिशियन, ॲप, जिमवाले जिला कॅलरी म्हणतात ती खरं तर किलोकॅलरी असते, तसल्या हजार. बोलताना किलो गाळतात, आपण नाही का फ्लॅट ऐंशीला गेला म्हणतो, लाख कोणी उच्चारत नाही, तसंच. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, दरवर्षी मुलं नेमकी इथेच अडखळतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

म्हणजे करायचं काय, तर दोन्हीकडे किलो ठेवायचा आणि किलोजूलला ४.१८४ ने भागायचं. १९०० भागिले ४.१८४, आले ४५४ किलोकॅलरी. दुकानात उभ्या उभ्या करायचं तर चारने भागा, ४७५, त्यातून पाच टक्के वजा करा, ४५१, एवढं पुरतं. उलट जायचं असेल तर ४.२ ने गुणा. ऑस्ट्रेलियात लेबलवर रोजची सरासरी गरज ८७०० केजे धरतात ना, ती साधारण २०८० किलोकॅलरी होते, म्हणजे आपल्याकडच्या पाकिटांवरच्या २००० च्या जवळपासच.

कुठे ४.१८४ दिसेल कुठे ४.१८६८, त्याने गोंधळू नका. पाणी १ अंश तापवायला लागणारी उष्णता पाणी आधी किती गरम आहे त्यावर थोडी बदलते म्हणून वेगवेगळ्या व्याख्या झाल्या, फरक हजारात एकाहूनही कमी. उष्णता आणि काम आधी वेगवेगळं मोजायचे, १८४० च्या दशकात जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने (एककाला त्याचंच नाव) खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून पाणी किती तापतं ते मोजलं, तिथून हा आकडा पक्का होत गेला. मला हा प्रयोग फार आवडतो, वर्गात सांगताना अजून अंगावर काटा येतो. १९४८ ला उष्णतेसाठीही जूलच वापरायचं ठरलं, आहारवाले मात्र कॅलरी सोडत नाहीत.

अंदाज यावा म्हणून सांगतो, १५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ५२५ किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण २२०० किलोजूल, विजेचं ०.६१ युनिट. तुमच्या बिस्किटांच्या हिशोबात साधारण ११६ ग्रॅम!

अजून एक, लेबलवर दोन्ही आकडे असले तर त्यांचा भागाकार कधी कधी बरोब्बर ४.१८४ येत नाही. कारण युरोपात वगैरे पिष्टमय पदार्थ आणि प्रोटीनला ग्रॅममागे ४ किलोकॅलरी किंवा १७ किलोजूल, फॅटला ९ किंवा ३७, असे आधीच पूर्णांकात आणलेले आकडे वापरून दोन्ही हिशोब वेगवेगळे करतात. १० ग्रॅम साखर म्हणजे ४० किलोकॅलरी आणि १७० किलोजूल, ४.१८४ ने गुणलं तर १६७. यात कंपनीची लबाडी नसते.

आणि तुमचे मिस्टर सायकलवर पॉवर मीटर लावतात म्हणालात, तिथे ६०० केजे दिसले तर ४.१८४ ने भागून १४३ च कॅलरी जळल्या असं समजू नका. मीटर फक्त पेडलवर पोचलेलं काम मोजतो. शरीर जाळतं त्यातलं जेमतेम २०-२५ टक्केच पेडलपर्यंत जातं, बाकी उष्णता, घाम. म्हणजे १४३ च्या चौपटीहून थोडं जास्त, परत ६०० च्या आसपासच. म्हणून सायकलवाले मीटरचे किलोजूल तसेच्या तसे कॅलरी म्हणून लिहितात, ते चालतं. बिस्किटांना मात्र भागावंच लागेल.