ओळखीचं नाव, नवी किंमत: गेम घेण्याआधीचे प्रश्न

सध्या येणाऱ्या पत्रांत प्रश्न वेगवेगळे असतात, पण घोळ एकच असतो. ओळखीचं नाव दिसलं की गेम विकत घेतला जातो आणि आपल्या मशीनला तो झेपेल का, हे त्यानंतर विचारलं जातं. हा क्रम बदला.

‘ऑब्लिव्हियन रिमास्टर्ड’ माझ्या लॅपटॉपवर चालेल का? 8 जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदार म्हणतो, चित्रांचा दर्जा ‘लो’वर ठेवला की सगळं चालतं.

नाही चालणार. 2006 चा मूळ गेम चालेल. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या या नव्या आवृत्तीला मात्र किमान 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1070 टीआयच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, सुमारे 125 जीबी जागा लागते. हे सगळं गेमच्या पानावर लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. नवं मशीन घेणार असाल तर कार्डचं पूर्ण मॉडेल कोटेशनवर लिहून मागा आणि पैसे देण्याआधी ते कोटेशन जाणत्या माणसाला दाखवा. ‘गेमिंग पीसी’ हे स्टिकर कोणत्याही डब्यावर लावता येतं.

तोवर हलके गेम खेळा. ‘बालाट्रो’ (2024) तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. ‘स्टारड्यू व्हॅली’ 2016 चा, एका माणसाने एकट्याने बनवलेला गेम आहे. त्याला 2024 मध्ये मोठा अपडेट आला, तोही फुकट. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ही (सप्टेंबर 2025) मशीनवर फार भार टाकत नाही, पण अवघड आहे. आधी पहिला ‘हॉलो नाइट’ खेळून बघा.

कायद्याने आता सगळे गेम बंद होणार, असा मेसेज फिरतोय. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे घालू की नको?

2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. एकदा किंमत मोजून घेतलेला पीसी गेम त्यात येत नाही. असे मेसेज पुढे पाठवू नका. तुमचा स्वतःचा काही व्यवहार पैशांच्या खेळात अडकला असेल तर मात्र वकिलाला विचारा.

लहानपणीच्या आवडत्या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली आहे. आगाऊ बुक केल्यास खास पोशाख मिळतो. करू का?

करू नका. पुन्हा सांगतो, करू नका. डाउनलोड करायच्या गेमचा साठा संपत नाही, त्यामुळे आधी पैसे देऊन तुमच्या पदरात काहीही पडत नाही. पोशाखाचं आमिष एवढ्यासाठीच असतं, की परीक्षणं छापून यायच्या आत तुम्ही पैसे मोकळे करावेत.

जानेवारी 2020 मध्ये जुन्या ‘वॉरक्राफ्ट 3’ची नवी आवृत्ती ‘रिफोर्ज्ड’ आली. आधी दाखवलेल्या कित्येक गोष्टी तिच्यात नव्हत्या. शिवाय ज्यांच्याकडे जुना गेम होता त्यांच्याही गळ्यात नवीन प्रोग्राम पडला, आणि जुन्यातल्या काही ऑनलाइन सोयी त्यात गायब होत्या. लोक इतके चिडले की कंपनीला पैसे परत द्यावे लागले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2021 मध्ये, ‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतल्या तीन जुन्या गेमचा नवा संच आला. पाऊस पडायला लागला की रस्ता दिसेना, ओळखीचे चेहरे बिघडलेले. आणि मूळ तिन्ही गेम त्याआधीच विक्रीतून काढून टाकलेले! कंपनीने माफी मागितली, जुने गेम आपल्या दुकानात परत आणले. पण ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्याला दुरुस्त झालेला गेम मिळायला किती वाट पाहावी लागली, ते बघा.

मला खरी काळजी याच गोष्टीची आहे. नवं विकण्यासाठी जुनं नाहीसं करणं हा ग्राहकावर अन्याय आहे आणि खेळाच्या इतिहासाचंही नुकसान आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ 2023 मध्ये नव्याने बांधला गेला, तो उत्तम आहे आणि 2005 चा मूळ गेमही वेगळा विकत मिळतो. असं काम करणाऱ्यालाच पैसे द्या. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: नवी आवृत्ती कोणी बनवली, जुना गेम अजून मिळतो का, आणि तुमच्यासारखं मशीन असलेले लोक महिन्याभराने काय म्हणतात. जुना मिळत असेल तर जीओजी या ऑनलाइन दुकानात बघा, तिथल्या गेमची इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे जपून ठेवता येते.

सेलमध्ये घेतलेला गेम तीन आठवड्यांनी उघडला, तर सारखा बंद पडतो. पैसे परत मिळतील?

स्टीमचा नियम असा आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परतावा मिळतो. तुमची मुदत गेली. तरी अर्ज करा, मुदतीबाहेरचे अर्जही ते पाहतात. पण घेतलेला गेम त्याच संध्याकाळी चालवून बघायला काय हरकत होती?

शूटिंगचे गेम खेळताना मुलाला गरगरतं.

सेटिंगमध्ये ‘मोशन ब्लर’ (हलताना चित्र धूसर होणं) आणि ‘कॅमेरा शेक’ (पडदा हादरणं) बंद करा, ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (एका वेळी दिसणारा परिसर) वाढवा आणि अधूनमधून त्याला उठवा. तरीही थांबलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लखलखत्या दृश्यांच्या वेळी अंगाला झटके आले किंवा भान हरपलं तर गेम कायमचा बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गूगलवर शोधत बसू नका.

कॉलेजात असताना सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ खेळायचो. मित्र आता पुणे, दुबई आणि टेक्सासमध्ये आहेत. पुन्हा जमेल का?

नक्की जमेल. 2019 ची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ घ्या. जुना गेम नव्याने कसा आणावा, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण हेच. आजही त्यात भर पडते आहे. 2022 च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात बंगाली, द्रविड आणि गुर्जर या खेळायच्या नव्या बाजू आल्या, राजेंद्र चोळाची मोहीमही आली. आधी मूळ गेम घ्या, विस्तार नंतर सेलमध्ये. सगळ्यांचं मशीन तपासून मगच तारीख ठरवा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आहे, त्याबद्दल तुमच्या टेक्निशियनशी बोलून घ्या.

पुण्यात बनलेला ‘राजी’ घ्यावा का?

घ्या. 2020 चा आहे, छोटा आहे. पहाडी चित्रशैलीची छाप आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट यासाठी जरूर खेळा.