सोलर ड्रायर आधी, केटी नंतर

प्रश्न: मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या टीईला, म्हणजे इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कळव्याहून ये-जा करते. पुढच्या महिन्यात कॉलेजात करिअर फेअर आहे, चाळीसेक कंपन्या येणार म्हणतात. माझा सीजीपीए ६.९. एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, ती पुढच्याच परीक्षेत सुटली, पण ती कोणी विचारली तर काय सांगू याची धास्ती आहे. लपवली तर कळेल का? दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजीत बोलायची वेळ आली की ततपप होतं. सांगण्यासारखं काही नाही. मिनी प्रोजेक्टला सोलर ड्रायर केला होता, तेवढंच. बाबा रबाळे एमआयडीसीत साधे फिटर आहेत, घरात मार्गदर्शन करणारं कोणी नाही. मुलं म्हणतात, टीईवाल्यांना तिथे कुत्रंसुद्धा विचारत नाही. आई-बाबा ब्लेझर घ्यायचा म्हणतायत. आई सोबत यायचंही म्हणते. काय करू?

उत्तर: पत्रात केटीला चांगल्या तीन ओळी आणि सोलर ड्रायरला जेमतेम अर्धी! फेअरला जाण्याआधी हे प्रमाण आधी उलटं करूया.

तुझं पत्र आल्यावर मी ड्रायरबद्दल उलट विचारलं, तेव्हा तू जे कळवलंस ते मूळ पत्रात का नव्हतं, हेच मला कळेना. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून ओला जवळा आणलात. पेटीत चार ट्रे. खालचा ट्रे खडखडीत वाळायचा आणि वरचा ओलाच राहायचा. ग्रुपमधली बाकीची मुलं म्हणाली, ऊन कमी पडतंय. तू मात्र दर पंधरा मिनिटांनी चारही ट्रेंचं तापमान वहीत लिहीत बसलीस. खाली ५८ अंश, वर ४३. हवा खालच्या ट्रेमधूनच थंड आणि दमट होऊन वर जात होती, हे त्या आकड्यांवरून तुझ्या लक्षात आलं. मग चिमणीत जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा बसवला. एकूण तापमान थोडं उतरलं, पण वर-खालचा फरक पंधरावरून सहा अंशांवर आला आणि चारही ट्रे जवळपास एकाच वेळी सुकले.

बाई गं, याला ‘तेवढंच’ म्हणत नाहीत. काहीतरी बिघडलंय, अंदाजाने बोलण्याऐवजी मोजून पाहिलं, कारण सापडलं, बदल केला, पुन्हा मोजलं. कंपनीतला अनुभवी इंजिनियर नव्या पोरांमध्ये शोधत असतो ती नेमकी हीच सवय. पंखा बसवल्यावर तापमान का उतरलं, असं तो तुला विचारेल. त्याचं उत्तर तुला येतं, कारण ते तू केलंयस. नेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टवाल्याची गाडी याच प्रश्नावर अडते.

तेव्हा स्टॉलवर बोलायचं ते एवढंच: ‘मी मेकॅनिकल, थर्ड इयर. आम्ही जवळा सुकवायला सोलर ड्रायर बनवला. वरचा ट्रे ओला राहत होता. मी प्रत्येक ट्रेचं तापमान घेतलं, तेव्हा हवेचा प्रवाह कमी पडतोय असं दिसलं. पंखा बसवल्यावर फरक पंधरावरून सहा अंशांवर आला. मला अशाच कामात शिकायचंय. सुट्टीत तुम्ही इंटर्न घेता का?’ हेच इंग्रजीत लिहून काढ. आखूड वाक्यं, शाळेत शिकलेले शब्द. ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’, ‘क्विक लर्नर’ यातलं एकही नको. चाळीस स्टॉलवर दिवसभर तेच ऐकून समोरच्याचे कान किटलेले असतात. पाठ कर, पण पोपटासारखं म्हणू नकोस. रोज एकदा मोठ्याने बोल, दर वेळी शब्द थोडे इकडचे तिकडे झाले तरी चालतील. सुरुवात इंग्रजीत कर. आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांची माणसं पुष्कळदा स्वतःच हिंदी-मराठीवर येतात. ती आली की तूही ये, त्यात कमीपणा काही नाही. इंग्रजी पुढे लागेलच, त्याचा सराव चालू ठेव. पण फेअरमध्ये चार वाक्यं धड बोलता आली की काम भागतं.

आता कुठल्या स्टॉलवर जायचं ते. टीपीओकडून (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) कंपन्यांची यादी आठवडाभर आधी माग. ‘अजून फायनल नाही’ म्हणतील. तरी जितकी झालीय तितकी माग. चाळीसच्या चाळीस स्टॉल फिरणारी मुलं संध्याकाळी पिशवीभर पेनं आणि की-चेन घेऊन घरी जातात. तू सहा निवड. त्या सहांबद्दल नीट वाच: काय बनवतात, कारखाना कुठे आहे, गिऱ्हाईक कोण.

निवडताना फक्त नाव ऐकलेल्या कंपन्यांमागे धावू नकोस. ठाण्याला गाडी बदलून तू रोज ज्या ट्रान्सहार्बर लोकलने जातेस, तिच्या आसपासच ‘मेकॅनिकलला काम कुठे’ याचं निम्मं उत्तर पसरलेलं आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारती, उभी राहिली आहेत. मेकॅनिकलची मुलं त्यांच्या स्टॉलकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण ते ‘कॉम्प्सवाल्यांचं’, म्हणजे कॉम्प्युटर शाखेचं, काम वाटतं. अगं, सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता चोवीस तास काढत राहायची, तर चिलर, पंप, पाइपिंग, हवेचा प्रवाह, वीज गेली तर डिझेल जनरेटर हे सगळं लागतं. यातलं कोडिंगवाल्याचं काय आहे? आणि एका बाजूची हवा थंड, दुसऱ्या बाजूची गरम, मधे अडलेला प्रवाह, हे तर तू त्या चार ट्रेंच्या पेटीत पाहिलेलं आहेस. तुझ्या सहांमधले निदान दोन स्टॉल कूलिंगवाल्यांचे असू देत: डेटा सेंटर चालवणारे किंवा त्यांना एसीची यंत्रणा पुरवणारे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. तिथलं एसी, सामानाचे पट्टे, सरकते जिने यांच्या देखभालीची कामं करणारी एखादी एजन्सी यादीत दिसली तर तीही धर. उरलेल्यात वागळे इस्टेट किंवा तळोज्याची एखादी लहान कंपनी असू दे. अशा स्टॉलवर गर्दी नसते आणि कधीकधी मालक स्वतः बसलेला असतो. मोठ्या आयटी कंपनीच्या रांगेत तासभर उभं राहून ‘वेबसाइटवर अप्लाय करा’ ऐकण्यापेक्षा मालकाशी दहा मिनिटं बोललीस तर जास्त हाती लागेल.

स्टॉलवर बहुधा दोन माणसं असतात. एक एचआरचं, दुसरं डिपार्टमेंटचं, बऱ्याचदा तुमच्याच कॉलेजचं पासआऊट. एचआरकडे निकष असतात: दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के, लाइव्ह केटी (अजून न सुटलेली) नको, वगैरे. ते निकष एचआरला विचार आणि ड्रायर मात्र डिपार्टमेंटच्या माणसासमोर काढ. कोण कोण आहे ते कळत नसेल तर सरळ विचार, ‘सर, आपण कुठल्या विभागात?’ माणसं आनंदाने सांगतात.

विचारण्याच्या गोष्टी म्हणशील तर, ‘तुमची कंपनी काय करते?’ हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. नवीन इंजिनियरला पहिले सहा महिने कुठे टाकता, शॉप फ्लोअरवर मुली आहेत का, शिफ्ट असेल तर बसची सोय आहे का, हे बिनधास्त विचार. मुलीने हे विचारलं तर बरं दिसत नाही, असं कोणी सांगितलं तर दुर्लक्ष कर. पगार पहिल्या भेटीत काढू नकोस. पुढे कधी आकडा समोर आलाच तर एवढं ध्यानात ठेव, की सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी असं बरंच काही मिळवलेलं असतं. हातात पडणारी रक्कम वेगळी विचारावी लागते. बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती वर्षांचा, किती रुपयांचा, ते लेखी माग. मूळ मार्कशीट कोणाच्याही ताब्यात द्यायची नाही. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली नोकरीसाठी पैसे मागणारा ठक समजायचा, मेलवर लोगो कितीही छान असला तरी.

केटी. लपवू नकोस, मार्कशीटवर ती दिसतेच. विचारलं तर ‘एम-थ्रीला लागली होती, पुढच्या परीक्षेत सुटली’, संपलं. कारणं, घरची परिस्थिती, पेपर कसा अवघड होता, काही नको. विचारलं नाही तर आपणहून सांगायचीही गरज नाही. निकष ‘लाइव्ह केटी’चा असतो, तुझी सुटलेली आहे. टक्केवारी मागितली तर सीजीपीएला सरळ दहाने गुणू नकोस. विद्यापीठाचं सूत्र परीक्षा विभागातून घे आणि आकडा काढून ठेव.

तू पाठवलेला रेझ्युमे पाहिला. वरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ काढ, त्यात तुझ्याबद्दल काही नाही. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद आणि खालचं ते ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्रही काढ. एवढी जागा झाली की ड्रायर आकड्यांसकट वर आण. सॉलिडवर्क्स हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लिहिलंयस, साधा ब्रॅकेट समोर बसून काढता येत असेल तरच राहू दे. एक पान, दहा-बारा प्रिंट, आणि पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवलेली. बऱ्याच ठिकाणी क्यूआर स्कॅन करून फॉर्म भरायला सांगतात, आणि हॉलमध्ये हजार मुलं असली की नेटवर्क हमखास मान टाकतं.

आता बाबांकडे वळते, कारण पत्रातलं ‘साधे फिटर’ मला खटकलं. एमआयडीसीत वर्षानुवर्षं मशीन उघडून बसवणारा माणूस रोज रात्री घरी येतो आणि तू म्हणतेस मार्गदर्शन करणारं कोणी नाही! या महिन्यात रोज जेवताना त्यांना एक प्रश्न विचार. गेल्या आठवड्यात काय बंद पडलं? आधी काय तपासलं? बेअरिंग गेलंय हे आवाजावरून कसं कळतं? अलाइनमेंट करताना डायल गेज कशी लावता? नवा इंजिनियर आला की तो पहिली चूक कुठे करतो? हा शेवटचा प्रश्न नक्की विचार, उत्तर लांबलचक मिळेल. ब्रेकडाउन आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स पुस्तकात तू वाचलंयस, पण मशीन बंद पडल्यावर सुपरवायझर, प्रॉडक्शन आणि फिटर यांच्यात काय होतं ते पुस्तकात नाही. ‘माझे वडील फिटर आहेत, त्यांच्याकडून हे ऐकलंय’ असं स्टॉलवर सांगितलंस तर मेंटेनन्सवाला माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल.

टीईवाल्यांना कोणी विचारत नाही, हे मुलांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. जॉब ऑफर मिळणार नाही, पण तो तुझा हेतूच नाही. सहाव्या सेमनंतरच्या सुट्टीतली इंटर्नशिप हा हेतू. बीईच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, मुलांवर ‘आत्ताच नोकरी’चं दडपण असतं, तुला ते नाही, त्यामुळे तू मोकळेपणाने कामाबद्दल बोलू शकतेस. इंटर्नशिप चांगली झाली तर त्याच कंपनीत पुढच्या वर्षी तुझं नाव परकं नसतं. शिवाय एक गोष्ट आत्तापासून विचारून ठेव, ती म्हणजे पदवीनंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१चा; ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि इंजिनियरिंग पदवीधरांची नोंदणी नॅट्स या सरकारी पोर्टलवर होते. साधारण वर्षभर स्टायपेंडवर काम. पुढे नोकरीवर घेण्याची सक्ती कंपनीवर नसते, हे आधीच माहीत असू दे. आपल्याकडे त्याला आयटीआयवाल्यांची गोष्ट म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. घरी बसून परीक्षांचे फॉर्म भरत राहण्यापेक्षा शॉप फ्लोअरवरचं ते एक वर्ष कितीतरी बरं.

त्या दिवशी लवकर जा. पहिला स्टॉल तुझ्या यादीतला तिसऱ्या-चौथ्या पसंतीचा घे, तिथे जीभ मोकळी होईल. मग लगेच आवडीचे दोन, जेवणाच्या आधी. दुपारनंतर समोरची माणसं पेंगुळलेली असतात. प्रत्येक स्टॉलनंतर बाजूला होऊन नाव, विभाग आणि त्याने म्हटलेली एक गोष्ट वहीत लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोष्टीचा उल्लेख करून चार ओळींचा मेल टाक, सोबत रेझ्युमे. एचआरला रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप नको. आठवड्याने एक आठवण करून दे, त्यानंतर सोडून दे.

ब्लेझर नको. आपल्याकडच्या घामात ती शिक्षाच आहे. इस्त्री केलेला कुर्ता किंवा शर्ट-पँट, आणि दिवसभर उभं राहता येईल अशा चपला-बूट. ते पैसे एखाद्या चांगल्या कोर्सला ठेवा.

आणि आईला म्हणावं, गेटपर्यंत ये, डबा दे. स्टॉलवर तू एकटीच जा.