'पीनट्स' वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

'पीनट्स' ही चार्ल्स शुल्झची अमेरिकी चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) वाचायला घेताय, फार बरं वाटलं! पण १९५० पासून क्रमाने वाचायचा हट्ट नको. तेव्हाचा स्नूपी म्हणजे चार पायांवर चालणारं कुत्र्याचं साधं पिल्लू. लूसी आणि तिचा धाकटा भाऊ लायनस आले १९५२ मध्ये. १९६० च्या आसपासच्या पट्ट्यांचा खंड उचला. चार चौकटी, मोजके शब्द, आणि शुल्झ कुणाचीही गय करत नाही. पट्टीचा नायक चार्ली ब्राउन चेंडूला लाथ मारायला धावतो, लूसी ऐन वेळी चेंडू काढून घेते, तो पाठीवर आपटतो, सांत्वन शून्य. ही धार आधी ओळखीची होऊ द्या.

नवे वाचक हमखास करतात त्या चुका:

- नेटवरच्या सुट्या पट्ट्यांवरून मत बनवणं. तिथे बहुतेक गोड स्नूपीच फिरतो.
- एका बैठकीत शंभर पट्ट्या संपवणं. रोज एक वाचण्यासाठी काढलेली गोष्ट आहे ही, एका बैठकीत दहाच्या वर जाऊ नका.

पुढे स्नूपी १९६५ मध्ये स्वतःच्या कल्पनेत लढाऊ वैमानिक झाला, मग त्याचा दोस्त, वुडस्टॉक नावाचा छोटा पक्षी आला, आणि पोरांच्या दुःखाची जागा कुत्र्याच्या कल्पनाविलासाने खाल्ली. १९७० नंतरची पट्टी मला मवाळ वाटते. मात्र १९९० च्या दशकातल्या कापऱ्या रेषेला आळस समजू नका. शुल्झचा हात थरथरायचा, तरी शेवटपर्यंत पट्टी तो स्वतःच काढत होता. त्या काळातला लायनसचा धाकटा भाऊ रीरन तर चुकवूच नका.