जुना गोल्फ कोर्स 'छोटा पडतो' म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की बॉल लांब जायला लागला तर जुन्या कोर्सचं काय बिघडतं, टी (पहिला शॉट मारायची जागा) मागे न्यायचा, झालं. मी काही आर्किटेक्ट नाही हां, पुण्यात वीसेक वर्षं शनिवार-रविवार खेळणारा सोळा हँडिकॅपवाला, म्हणजे बेताचा खेळणारा माणूस, पण ह्या विषयावर आमचे इतके चहा झालेत की लिहूनच टाकतो.

१९८० साली अमेरिकेच्या पीजीए टूरवर (व्यावसायिकांच्या स्पर्धांत) ड्राइव्हची, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब शॉटची सरासरी साधारण २५७ यार्ड होती, आता ३०० च्या आसपास आहे. ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीची, लाकडी डोकी जाऊन मेटल आली, मग टायटॅनियम, २००० नंतर ड्रायव्हरवर कमी फिरणारा बॉल आला आणि पोरं जिम करतात ते वेगळंच.

आता आमच्या कोर्सवरचा एक पार फोर घ्या, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायचा होल. उजवीकडे वळतो, वळणावर बंकर (वाळूचा खड्डा), तो ओलांडायला हवेतून २२० यार्ड तरी लागतात. ज्याने काढला त्याचा हिशोब सरळ होता, दम असेल तर बंकरवरून मार, ग्रीन (शेवटचं भोक असतं ते बारीक गवत) समोर उघडं मिळेल, नसेल तर डावीकडे सेफ मार आणि दुसरा शॉट लांबून वाकडा खेळ. मागच्या दिवाळीत भाचा आला होता, चोवीसचा, त्याने बंकरकडे बघितलंसुद्धा नाही, वरून मारला आणि वेज (जवळच्या शॉटची काठी) हातात घेऊन चालायला लागला. मी मारला, थेट वाळूत. कॅडी म्हणाला, "साहेब, हा बंकर आता आपल्यासाठीच ठेवलाय." जो बंकर दांडग्या खेळाडूला विचारात पाडायला खोदला होता तो आता फक्त माझ्यासारख्याला पकडतो, म्हणजे डिझाइन अक्षरशः उलटं झालं.

गंमत म्हणून मी भाच्याला काकांचा जुना पर्सिमॉन, म्हणजे लाकडी ड्रायव्हर दिला, डोकं मुठीएवढं, आवाज 'टॉक' असा. पहिला बॉल घसरत गेला, दुसरा मस्त बसला तरी बंकरच्या कडेला आदळून आत. तिसऱ्याच्या वेळी थांबला आणि म्हणाला, "मामा, इथे डावीकडे मारतात का?" बस, हाच प्रश्न त्या होलने विचारायचा असतो.

बरं, लांबी वाढवायची तर अमेरिकेतल्या श्रीमंत ऑगस्टा क्लबला जमतं. त्यांनी तेराव्या होलसाठी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेऊन २०२३ मध्ये टी ३५ यार्ड मागे नेला, कोर्स २००१ मध्ये ६,९८५ यार्ड होता तो २०२४ ला ७,५५५ झाला. पुण्यातल्या येरवड्याच्या कोर्सवर कुणी मागे सरकायचं ठरवलं तर टी गोल्फ क्लब चौकाच्या सिग्नलला लावावा लागेल! आणि वाढलेल्या गवताला मे महिन्यात पाणी कुठून आणणार, इथे सोसायट्यांना टँकर मिळत नाहीत.

लांबीशिवाय पण जमतं म्हणा. २०१३ चा यूएस ओपन अमेरिकेतल्या जुन्या मेरियन कोर्सवर झाला, फक्त ६,९९६ यार्ड, सगळे म्हणत होते पोरं धुऊन काढतील, आणि जस्टिन रोज जिंकला तो एक ओव्हर पारने, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक शॉट जास्त घेऊन. पण त्यासाठी फेअरवे (मधला कापलेला पट्टा) अरुंद करून रफ (कडेचं उंच गवत) वाढवलं होतं, आणि मला ते फारसं पटत नाही, कारण जुन्या कोर्सची मजा रुंदीत असते, कुठल्या बाजूने यायचं ते तुम्ही ठरवता, बोळच केला तर ठरवायचं काय? स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला २०२२ मध्ये कॅमरन स्मिथ वीस अंडरने जिंकला, त्या कोर्सचा खरा रखवालदार वारा, तो पडला की काही खरं नाही.

म्हणून मला बॉल थोडा मंद करणंच बरं वाटतं. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए ने डिसेंबर २०२३ मध्ये तेच जाहीर केलं, बॉलची टेस्ट पुढे काठीच्या ताशी १२० ऐवजी १२५ मैल वेगाने घ्यायची, अंतराची मर्यादा तीच, म्हणजे आजचे सगळ्यात लांब जाणारे बॉल त्यात बसणार नाहीत. त्यांच्या अंदाजाने सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, आपले पाच किंवा त्याहून कमी. आमच्याकडे लोक ह्यावर भांडतात, जसं काही प्रत्येक जण ३०० मारतो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात प्रो टूरची मॅच लागली की जा, पण ग्रीनपाशी गर्दीत उभे राहू नका. एखाद्या वळणाऱ्या पार फोरच्या बंकरजवळ सावली बघून तासभर थांबा आणि किती जणांचे बॉल त्याच्या अलीकडे पडतात ते मोजा.