चौदा माणसांचं अमेरिकन खेडं: निकोडेमस, कॅन्सस

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत म्हणे दहा-पंधरा माणसांचीही गावं असतात. अशा गावाला इतिहास तो काय असणार, आणि तिथे राहतं तरी कोण?"

असतात, ढिगाने असतात. मी कॅन्सस राज्यात राहतो, तेव्हा इथलंच एक सांगतो. निकोडेमस. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १४. राज्याच्या वायव्य भागात, सोलोमन नदीच्या काठी, चोहीकडे गव्हाची शेतं. आणि इतिहास विचाराल, तर मोठमोठ्या शहरांना हेवा वाटावा असा.

गाव वसलं १८७७ मध्ये. यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती, गुलामगिरी कायद्याने गेली होती. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांना अर्पण केलं, ते याच काळात. पण कंटकी राज्यातल्या सुटलेल्या गुलामांच्या हाती काय आलं? जमीन गोऱ्यांचीच राहिली. ह्यांनी ती बटाईने करायची नाहीतर मजुरीला जायचं, आणि रात्री गोऱ्यांची टोळी दारावर येईल ही धास्ती वेगळीच. कॅन्ससमध्ये मात्र होमस्टेड कायद्याखाली १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. नोंदणीची किरकोळ फी भरा, पाच वर्षं राहून कसा, की सातबारा तुमच्या नावावर.

डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमिनीचा दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाद्री, या जोडीने इतर काही काळ्या मंडळींना घेऊन एप्रिल १८७७ मध्ये गाव वसवायची कंपनी काढली. कंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात लागलेलं एक पत्रक आजही पाहायला मिळतं: ५ सप्टेंबर १८७७ ला कॅन्ससला जायचं असेल, तर पाच डॉलर. त्या सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं कंटकीहून निघाली. एलिस स्टेशनपर्यंत आगगाडी, पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर पायपीट.

आणि पोचल्यावर? गावच नाही. हिलने रंगवलेल्या सुपीक प्रदेशाच्या जागी उघडा माळ, झाड असलंच तर नदीकाठी. लाकूड नाही म्हणजे घरं नाहीत. आधी आलेल्यांनी टेकाडाच्या उतारात खड्डे खणून, वर फांद्या, गवत आणि मातीची ढेकळं टाकून बिळं केली होती, त्यांत कुटुंबंच्या कुटुंबं राहत होती. विलियाना हिकमन ही बाई पुढच्या वसंतात नवऱ्याबरोबर आली. तिची आठवण नोंदवलेली आहे. वाटेत गोवराची साथ, ती स्वतः आजारी, आणि पुढची माणसं ओरडली, "ते बघा निकोडेमस!" ती डोळे फाडून बघते तर काहीच दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि म्हणाला, हेच निकोडेमस. तिला रडू कोसळलं. मला या गावाच्या इतिहासातलं हे एकच पान कुणी ठेवायला सांगितलं, तर मी हे ठेवीन.

काही कुटुंबं आल्यापावली परत फिरली. जी राहिली त्यांच्याकडे बैल-घोडे नावालाच, त्यामुळे पहिली नांगरणी कुदळ-फावड्यांनी. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून तगलो, असं इथली घराणी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत.

पण दहा वर्षांत चित्र पालटलं. झॅक फ्लेचरने हॉटेल काढलं. त्याची बायको जेनी गावची पहिली पोस्टमास्तर आणि पहिली मास्तरीण. शाळा भरायची ती तिच्या त्या मातीच्या बिळात. दुकानं आली, चर्चं उभी राहिली, आणि १८८६-८७ मध्ये चक्क दोन वर्तमानपत्रं निघाली. एडवर्ड मॅकेब हा तरुण १८७८ मध्ये इथे आला आणि १८८२ मध्ये अख्ख्या कॅन्सस राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला. गोऱ्या बहुसंख्येच्या राज्यात, काळा माणूस, मतपेटीतून! आपल्याकडे तेव्हा स्थानिक स्वराज्याची नुसती चर्चा सुरू होती.

मग गाव चौदा माणसांवर कसं आलं? रेल्वेमुळे. खरं तर रेल्वे न आल्यामुळे. तेव्हा या माळावर कुठलं गाव जगणार आणि कुठलं मरणार हे रूळ कुठून जातात त्यावर ठरायचं. धान्य बाजारात न्यायचं तर स्टेशन हवं. रूळ गावातून जावेत म्हणून निकोडेमसने १८८७ मध्ये मिसुरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. गाव केवढं, रक्कम केवढी, बघा. पण ती लाइन आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीचे रूळ आले, तेही नदीपलीकडून, काही मैल दूर. तिथल्या रेल्वेच्या तळाचं बोग नावाचं गाव झालं आणि निकोडेमसच्या दुकानदारांनी एकेक करत आपली बिऱ्हाडं तिकडे हलवली. अनेक पुस्तकांत हे दुर्दैव म्हणून सांगतात. मला तो सरळ व्यवहार वाटतो: कंपनीने तिची सोय बघितली, दुकानदारांनी त्यांची. शेतकरी मात्र राहिले, कारण जमीन उचलून नेता येत नाही. पुढे १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी त्यांनाही पांगवलं. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं, १९६० मध्ये शाळा.

आता राहतं कोण, तर बहुतेक त्याच पहिल्या घराण्यांचे वंशज. काहींची शेती अजून चालू आहे. बाकीचे डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया असे विखुरलेत, पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी गाव भरतं. मुळात हा गुलामगिरीतून सुटकेचा उत्सव, आता त्याला होमकमिंग म्हणतात. मिरवणूक, चर्च, पंगती, आणि कोण कुणाचा कोण याची उजळणी. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडून खेळलेला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू व्हेरिल स्विट्झर याच मातीतला.

१९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पाच जुन्या इमारती जपल्या आहेत: दोन चर्च, शाळा, फ्लेचरचं हॉटेल आणि १९३९ मध्ये स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधलेला टाउनशिप हॉल. माहिती केंद्र हॉलमध्येच आहे, तिथले कर्मचारी हातचं न राखता बोलतात.

जाणार असाल तर जुलैअखेरीसच जा, एरवी अर्ध्या तासात सगळं बघून होतं. गावात जेवणाखाण्याची सोय धरून चालू नका. पेट्रोल आणि पोटपूजा वीसेक किलोमीटरवरच्या हिल सिटीत उरका. हो, ते गाव त्याच हिलच्या नावाचं. पत्रकांवर भुलून आलेल्यांचा एक जमाव त्याच्या अंगावर धावून गेला होता आणि तो लपून बसला होता, असं सांगतात. जिल्ह्याचं मुख्य ठाणं मात्र शेवटी त्याच्याच गावाला मिळालं.