तलाठी, गांधी लग्न आणि बीडची खासदारकी

कराडच्या कॉलेजातल्या मुलानं विचारलंय की वक्तृत्व स्पर्धेला विषय आहे ‘समाजसेवक ते खासदार: क्रांतिसिंह नाना पाटील’. नानांनी इंग्रजांच्या राज्यात गावोगाव उभ्या केलेल्या समांतर सरकाराबद्दल, म्हणजे प्रतिसरकारबद्दल, ढीगभर माहिती मिळते, पण नाना समाजकार्यातून राजकारणात नेमके कधी आले आणि दिल्लीत जाऊन काय केलं, हे कुठं सापडत नाही.

अरे, ‘नेमके कधी’ची तारीख शोधत बसू नकोस. तशी तारीख नाही.

सुरुवात येडे मच्छिंद्रपासून कर. जन्म १९०० चा, घरात वारकरी वळण, डोक्यात सत्यशोधकी विचार आणि पोटापाण्याला तलाठ्याची नोकरी. ही नोकरी सगळे वक्ते एका वाक्यात उरकतात, तू उरकू नकोस. तलाठ्याच्या दप्तरात अख्ख्या गावाचं पोट दिसतं. कुणाचा सारा थकलाय, कुणाचं रान सावकाराकडं अडकलंय, कशापायी अडकलंय, सगळं. १९३० च्या कायदेभंगात नानांनी नोकरी सोडली, पण दप्तरात दिसलेलं गाव काही डोक्यातून गेलं नसणार, असं मला वाटतं.

कारण पुढं त्यांनी जे काम हातात घेतलं ते थेट त्या कर्जाच्या मुळावर होतं: लग्न. बिनहुंड्याचं, बिनखर्चाचं लग्न लावायचं, त्यालाच गांधी लग्न म्हणायचे. आमच्या आजीचं लग्न गांधी पद्धतीचं. एका मांडवात चार जोडपी, गळ्यात सुताचे हार, आलेल्यांना गूळ-पाणी, संपलं. आजी म्हातारपणीसुद्धा कुरकुरायची, “माझ्या लग्नात साधी हलगी वाजली न्हाई.” आणि त्याच दमात म्हणायची, “पर आमच्या बानं रान गहाण टाकलं न्हाई.” स्पर्धेत याच्यापेक्षा चांगली ओळ तुला कुठं मिळणार नाही, खुशाल वापर.

आता प्रतिसरकार. १९४३ ते १९४६. सातारा जिल्हा म्हणजे तेव्हा आजचे सातारा-सांगली दोन्ही. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून प्रतिसरकारचं ठाणं असलेलं कुंडल आज सांगलीत असूनही प्रतिसरकार ‘साताऱ्याचं’. गावोगाव न्यायदान मंडळं बसायची, जमिनीचे आणि सावकारीचे तंटे मिटायचे, दारूबंदी व्हायची, दरोडेखोरांना वचक बसायचा. इंग्रजाचं कोर्ट सोडून लोक या मंडळांपुढं का गेले? ज्यांच्या शब्दावर पोरीचं लग्न बिनहुंड्याचं लावलं, त्यांच्या शब्दावर बांधाचा तंटाही मिटवता येतो, एवढं साधं आहे ते. समाजकार्य आणि राजकारण यांच्यातली तुझी रेघ इथंच पुसली जाते.

दोन चुका टाळ. एक, प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणायचे, ते म्हणजे पायाला खरोखर पत्रे ठोकायचे, हे रंगवून सांगू नकोस. तळपायावर काठीचे फटके ही खरी शिक्षा. दुसरी, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलानं. दरवर्षी कुणीतरी नानांना त्या गाडीवर चढवतो आणि परीक्षकांत एखादा कुंडलचा माणूस असला की गुण जातात.

स्वातंत्र्यानंतर नाना काँग्रेसमध्ये रमले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्ष, पुढं कम्युनिस्ट पक्ष. १९५५ च्या डहाणू अधिवेशनात अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर गेले. १९६२ ला ती जागा किसन वीरांकडं गेली. तेही प्रतिसरकारचेच, पण काँग्रेसचे. भूमिगत असताना एकाच ताटात जेवलेली माणसं वीस वर्षांत कशी पांगली, यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती १९६७ ची निवडणूक. साताऱ्यातून त्या वेळी यशवंतराव चव्हाण निवडून आले, आणि वयाच्या सदुसष्टीकडं झुकलेले नाना कम्युनिस्ट पक्षातर्फे थेट बीडमधून खासदार झाले. ना भाऊबंदकी, ना कृष्णाकाठ, ना प्रतिसरकारच्या आठवणी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं या सातारी म्हाताऱ्याला मत दिलं. साताऱ्याचा विजय लाटेत वाहून आला असं कुणी म्हणेलही, बीडचं तसं म्हणता येत नाही.

राहिलं दिल्लीचं. लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि बहुतेक भाषणं या टाळीवर संपतात. माझं मत थोडं कडू आहे. संसदपटू म्हणून नाना मोठे नव्हते. त्यांचं हत्यार म्हणजे रात्रीची गावसभा. कंदिलाच्या उजेडात, ओव्या-अभंग पेरत, समोरच्या बाईच्या चुलीपर्यंत जाऊन बोलणारा तो गडी. सभागृहात वेळ मोजून मिळतो, घंटा वाजते, बोलायचं ते कलमावर आणि दुरुस्तीवर. तिथं हे हत्यार निम्मं बोथट होणारच. हे म्हटलं की आमच्याकडची जुनी मंडळी चिडतात, चिडू देत. दोनदा खासदार होऊनही ते राहिले गावसभेचेच, म्हणून तर १९७६ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याच्या मातीत अंत्यसंस्कार झाले.

माझ्यावरही विसंबू नकोस. लोकसभेतल्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १९५७ ते १९६२ आणि १९६७ ते १९७० असे दोन कालखंड चाळ, शेती आणि जमीन हे विषय आधी. नाव ‘नाना पाटील’ आणि ‘नाना रामचंद्र पाटील’ दोन्ही तऱ्हांनी टाकून बघ. सापडलं तर इथं टाक, माझा अंदाज चुकलेला मला वाचायला आवडेल.